मिश्री सुटत का नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला 'तंबाखूचे दुष्परिणाम' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. मी चिटणीसबाईंना विनंती केली की, विषय थोडा बदलून द्यावा. दुष्परिणाम आता कुणाला ठाऊक नाहीत? पुडीवर सडलेल्या तोंडाचे चित्र असते. दवाखान्यात पाटी, एस.टी. स्टँडवर पाटी, सिनेमा सुरू होण्याआधीसुद्धा तेच सांगतात. तरी लोक त्या चित्रावरच अंगठा ठेवून पुडी फोडतात. म्हणजे माहिती नाही म्हणून व्यसन चालले आहे, असे नव्हे. माहिती असून ते सुटत नाही. ते का सुटत नाही, एवढ्याच गोष्टीचा आज आपण विचार करू.

मी सातवीपर्यंत शिकलेली, घरकाम करणारी बाई आहे. डॉक्टरीण नव्हे. पण वीस-बावीस वर्षे मोठ्या घरात नांदते आहे. बिडी, तंबाखू, मिश्री सोडणारी आणि पुन्हा धरणारी माणसे माहेरी व सासरी जवळून पाहिली आहेत. काही गोष्टी दवाखान्यातल्या बाईंना विचारून घेतल्या, काही मुलीकडून वाचून घेतल्या. ते सारे मिळून आपल्यापुढे ठेवते.

व्यसन म्हटले की आपण पुरुषांकडे बोट दाखवतो. पण २०१६-१७ साली सरकारने देशभर पाहणी केली, तेव्हा मोठ्या वयाच्या दर शंभर बायकांत १४ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले. त्यांत धूर ओढणाऱ्या फार थोड्या. बहुतेक जणी तोंडात ठेवणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या. आपल्या भागात तर निपाणी जवळ. वखारीतल्या कामाला जाणाऱ्या बायकांबरोबर तंबाखूचा चुरा पदरात बांधून घरोघर आलेला आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली आणि चुरली की तिचे नाव मिश्री होते. कोकणात तिला मशेरी म्हणतात. नाव बदलले तरी गुण बदलत नाही. मुंबईत बाराशेंवर गरोदर बायकांची पाहणी होऊन २००४ साली ती प्रसिद्ध झाली. तोंडात तंबाखू लावणाऱ्या आयांची बाळे इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता लोक काय म्हणतात? "हिच्या अंगी निग्रहच नाही." भगिनींनो, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. हरितालिकेला दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बायका या गल्लीत आहेत. नवरात्रात नऊ दिवस धान्य न शिवता, अनवाणी चालून शेतातले व घरातले काम करणाऱ्या आहेत. त्याच बायकांची मिश्रीची डबी मात्र सुटत नाही. उपासाच्या दिवशीसुद्धा ती कमरेला असते. तेव्हा निग्रह कमी आहे हे उत्तर चुकीचे आहे. गाठ दुसरीकडे कुठेतरी आहे.

शरीराची बाजू थोडक्यात सांगते. तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. बिडीच्या धुरातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. मिश्रीतून ते हिरड्यांवाटे सावकाश पण बराच वेळ अंगात मुरत राहते. त्याची सवय झाली की ते न मिळाल्यास चिडचिड होते, डोके जड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. हा त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत फार असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. पण दोन-दोन महिने सोडून राहिलेली माणसेही पुन्हा धरतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शरीराचे मागणे संपले तरी मनाच्या गाठी सुटलेल्या नसतात. त्या गाठी मला दिसल्या तशा सांगते.

पहिली गाठ वेळेची आणि जागेची. गाय दारात बांधलेली असते. वासरू अजून सोडलेले नसते, पण चरवीचा आवाज ऐकला की तिला पान्हा फुटतो. रशियात पावलॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर असाच प्रयोग केला होता, असे मुलीने वाचून दाखवले. खाणे देण्याआधी रोज ठराविक खूण केली, तर पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागते. माणसाचे मनही याच चालीने चालते. माझे मधले दीर यंत्रमागावर कामाला आहेत. बिडी सोडून त्यांना दीड महिना झाला होता. यात्रेसाठी गावी आठ दिवस राहिले, तेव्हा बिडीची आठवणसुद्धा झाली नाही. परत आले, पहिल्याच पाळीत चहावाल्याची किटली दारात आली आणि हात आपोआप खिशाकडे गेला. किटलीत काही निकोटिन नव्हते. पण पंधरा वर्षे चहा आणि बिडी जोडीने आली, म्हणून एकीने दुसरीला हाक मारली. आपल्याकडे परसदारची पायरी, सकाळची चूळ, जेवणानंतरची भांडी ही सारी त्या चरवीसारखीच आहेत. बाई मिश्री सोडते, पण त्याच पायरीवर त्याच वेळी जाऊन बसते, आणि मग म्हणते, "मनच ऐकत नाही."

दुसरी गाठ आरामाच्या भासाची. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, "मिश्री लावली की डोके कसे हलके होते." त्या खोटे बोलत नाहीत. डोके खरोखरच हलके होते. पण ते जड कशाने झाले होते? लहान मापाची बांगडी हातात चढवून दिवसभर वागवली आणि रात्री उतरवली तर केवढे बरे वाटते! म्हणून कुणी म्हणेल का की, बरे वाटण्यासाठी रोज लहान बांगडी घालावी? तंबाखूचे असेच आहे. दुखणे तीच देते आणि थोडा वेळ तीच काढून घेते. मन मात्र दुखणे देणारीला विसरते व काढणारीला लक्षात ठेवते. सिगारेट ओढणाऱ्यांविषयीचे २६ अभ्यास इंग्लंडमधील संशोधकांनी २०१४ साली एकत्र करून पाहिले. ज्यांनी सोडली त्यांची चिंता, उदासी आणि मनावरचा ताण कमी झालेला दिसला. सोडल्यावर जन्मभर डोके जड राहील, ही भीती खोटी आहे.

तिसरी गाठ मला सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. ही गाठ विसाव्याची. बाई पहाटे पाचला उठते. पाणी, चूल, डबे, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषध, धुणे, मग कुणाची शिलाई, कुणाची मजुरी. दिवसभरात ती स्वतःसाठी कधी बसते? डबी उघडते तेव्हा. परसदारी बसून ती बोट दातांवरून फिरवते, तेवढा वेळ तिला कुणी हाक मारीत नाही. मुलाने हाक मारलीच तर "थांब, मिश्री लावतेय" एवढे म्हटले की मूल थांबते. नवरा थांबतो. सासूबाईसुद्धा थांबतात. आता आपण नुसते म्हणून पाहा, "थांबा, मी जरा बसले आहे." कोण थांबते ते मला सांगा! आपल्या घरांत बाईला नुसते बसण्याची सवलत नाही. मिश्री लावीत बसण्याची आहे. पुरुषांचेही काही ठिकाणी हेच. मागावरून "बिडी ओढून येतो" म्हटले तर मुकादम काही बोलत नाही. "जरा वारा खाऊन येतो" म्हटले तर बोलतो.

म्हणून जेव्हा आपण एखादीला "सोड ती मिश्री" असे सांगतो, तेव्हा तिच्या मनाला ऐकू काय येते? "तुझी दिवसातली ती दहा मिनिटेही आम्हांला देऊन टाक." मग ती का ऐकेल? मिश्री काढून घ्यायची असेल, तर तिचे बसणे तिला ठेवले पाहिजे. माझ्या बोलण्यातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्यावी.

चौथी गाठ सबबींची. मन मोठे वकील आहे. पहिली सबब दातांची. मिश्रीने दाताची कळ थोडा वेळ बधिर होते, पण कीड आत चालूच राहते आणि हिरड्या दातांपासून सुटत जातात. दात दुखत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जावे. दुसरी सबब पोटाची. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." यात थोडे तथ्य आहे, कारण निकोटिनने आतडी हलतात. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहते. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, थोडे चालणे यांनी ते हळूहळू मार्गावर येते. तिसरी सबब आजीची. "आमची आजी मिश्री लावून नव्वद वर्षे जगली." जगली असेल. पण जी पन्नासाव्या वर्षी तोंडाच्या रोगाने गेली, तिचे उदाहरण कुणी देत नाही. कुणी म्हणते, ही तर पूर्वापार चाल. भगिनींनो, तंबाखू आपल्या देशात पोर्तुगीजांनी आणली. अकबर बादशहाच्या दरबारात ती १६०४ च्या सुमारास विजापुराहून गेली. जनाबाईंचा काळ त्याच्या तीनशे वर्षे आधीचा. त्यांनी एवढे दळण-कांडण केले ते मिश्रीवाचूनच.

सर्वांत घातक सबब मात्र निराळी आहे. ती म्हणजे "मोडले ते मोडले." आपल्या मनाला व्रताची शिस्त आहे. उपासाच्या दिवशी चुकून घास गेला तर उपास मोडला, असे आपण मानतो. तोच हिशेब बाई मिश्रीला लावते. वीस दिवस नेटाने राहते, एकविसाव्या दिवशी कुणाच्या लग्नात चिमूटभर घेते, आणि मग म्हणते, "आता मोडलेच, राहू दे." एका चिमटीने वीस दिवस पुसले जात नाहीत. मुलगा पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यात एकदा चुकला, तर आपण त्याची शाळा बंद करतो का?

पाचवी गाठ सोबतीची. डबी एकटी नसते. ती या हातातून त्या हातात जाते. "घे की गं" म्हणून पुढे केलेली डबी परत केली तर समोरचीला वाटते, ही आता शहाणी झाली, आपल्यात बसत नाही. मैत्री तुटेल या भीतीने पुष्कळ जणी पुन्हा घेतात. याच्या उलट घरातली माणसे. कुणी चिडवतात, "बघू किती दिवस टिकते." कुणी चारचौघांत डबी हिसकावून फेकतात. त्याने व्यसन जात नाही, लपते. लपून घेणारीला मदत कशी करणार? ती तर कबूलच होत नाही.

आता उपाय. तो मला आपल्या व्रतांतच सापडला. हरितालिका पार का पडते? एक म्हणजे दिवस ठरलेला असतो. दुसरे, मैत्रिणी बरोबर असतात. तिसरे, घरातल्यांना ठाऊक असते, ते आपले काम थोडे हलके करतात. चौथे, इतर उपासांना भाताऐवजी शाबू, वरी काहीतरी असते, पोट अगदी रिकामे ठेवत नाहीत. मिश्री सोडणारी बाई मात्र एका रात्री रागाने ठरवते, एकटीच ठरवते, कुणाला सांगत नाही, आणि रिकाम्या हाताने परसदारी जाऊन बसते. मग हरते यात नवल काय?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी आहेत. त्यांची परवानगी घेऊन सांगते, नाव मात्र घेत नाही. तीन वेळा सोडून तीन वेळा धरलेली. सुनेला दिवस गेले तेव्हा चौथ्यांदा सोडायचे ठरवले. सासू सोडील तर सूनही सोडील, असा विचार. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवसापासून, असे आठ दिवस आधी घरात सर्वांना सांगितले. डबी आणि भाजण्याचा तवा दोन्ही घरातून काढले. दात घासायला परसदारची पायरी सोडून पुढच्या नळावर जाऊ लागल्या. ओढ आली की घोटभर पाणी प्यायच्या, दोन-चार दाणे बडीशेप तोंडात टाकायच्या आणि घड्याळाकडे पाहायच्या. पाच-दहा मिनिटांत ओढ आपोआप उतरते, हे त्यांना दवाखान्यात सांगितले होते आणि तसेच झाले. दुपारी तीन वाजता सून त्यांना पुढच्या ओट्यावर चहा आणून देई आणि स्वतःही शेजारी टेके. त्या वेळी दोघींना काम सांगायचे नाही, असे मुलाने घरात ठरवून दिले. महिन्याभराने एका बारशात मावशींनी चिमूट घेतली. घरी येऊन सुनेला सांगितले. सून एवढेच म्हणाली, "असू द्या आत्याबाई, उद्यापासून पुन्हा." ना टोमणा, ना रडारड. त्याला आता दोन वर्षे झाली. नात अंगणात खेळते आणि दोघींच्याही घरात डबी नाही.

यात जादू काही नाही. दिवस ठरवला, जागा बदलली, हाताला व तोंडाला दुसरे काही दिले, विसावा तसाच ठेवला, घसरल्यावर पुन्हा उभ्या राहिल्या. ज्यांना फारच त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारावे. निकोटिनची चघळायची गोळी मिळते, ती त्यांच्या सल्ल्याने घ्यावी. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. सरकारने २०१६ साली तंबाखू सोडणाऱ्यांसाठी फोनची सोय केली आहे. नंबर १८००-११-२३५६. त्याला पैसे पडत नाहीत. आणि ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांवर राहिला असेल, त्यांनी सोडण्याची वाट न पाहता आधी डॉक्टरांना तोंड दाखवावे. लाज बाळगू नये.

शेवटी मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली, मंडळाच्या बैठकीत आणि हळदीकुंकवात डबी फिरवू नये. नाही म्हणणारीला "शहाणी" म्हणू नये. दुसरी, दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीचे दार उघडे ठेवावे. सोडणाऱ्यांनी येऊन नुसते बसावे. वाती कराव्यात, गप्पा माराव्यात, कुणाची कितवी वेळ आहे ते मोकळेपणाने सांगावे. भाषण नको, उपदेश नको.

आणि आज इथे आलेल्या सासवांना, जावांना, व दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनाही माझी हात जोडून विनंती आहे. घरातल्या बाईच्या हातून डबी काढून घेण्याआधी तिला दिवसातली पंधरा मिनिटे काढून द्या. तिला म्हणता आले पाहिजे, "मी जरा बसले आहे," आणि ते ऐकून घरातल्यांनी थांबले पाहिजे. एवढे झाले तर डबी ठेवून देणे तिला पुष्कळ सोपे जाईल.